नदीकाठचा चढ

माझा मोठा भाऊ खुर्च्या विणतो. वेताच्या ओल्या पट्ट्या बोटांत धरून तो लाकडी चौकटीवर जाळी भरत जातो, आणि त्याला डोळ्यांनी दिसत नाही हे नव्या गिऱ्हाइकाच्या लक्षात यायला बराच वेळ लागतो. तरुणपणी आजारात त्याची दृष्टी गेली. तेव्हापासून वहिनी त्याच्यासाठी जग बोलून दाखवते. दार, पायरी, कुत्रं झोपलंय, समोरून पंच येतोय.

पंच म्हणजे त्यांच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. न विचारता निवाडा देतात म्हणून हे नाव.

गेल्या वर्षी दादाने जाहीर केलं की त्याला सायकलने समुद्रापर्यंत जाऊन परत यायचं आहे. मी म्हटलं, "दादा, गाडी करू की. आरामात जाऊ."

"आयुष्यभर मला कोणी ना कोणी नेतंच आहे," तो म्हणाला. "एकदा मला जायचंय. नेलं जायचं नाही."

मग त्यांनी एक जुनी जोडसायकल मिळवली. पुढच्या सीटवर वहिनी, मागच्या सीटवर दादा. या सायकलची एक गंमत आहे. पुढची आणि मागची पेडलं साखळीने एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे दोघांचे पाय एकदमच फिरतात. एकाने जोर सोडला तरी त्याचे पाय फिरत राहतात. बघणाऱ्याला वाटतं, दोघंही जीव तोडून मारताहेत.

परवा दुपारी ते दोघे परत आले. मी आणि माझी बायको त्यांच्या घरी जेवण घेऊन थांबलो होतो. सायकल बोळात भिंतीला टेकवली, पिशव्या उतरवल्या, आणि दादा खोलीत येऊन कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसला. तो काळवंडला होता, वाळला होता, आणि मजेत होता. वहिनी मात्र पलंगावर बसली ती उठेचना. इतके दिवस बोलून तिचा घसा बसला होता, पण सवय सुटली नव्हती. माझी बायको ताटं घेऊन आत आली तशी ती म्हणाली, "उंबरठा आहे, जपून!"

"जाऊबाई, मला दिसतोय हो," माझी बायको म्हणाली, आणि सगळे हसलो.

एवढ्यात पंच वर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "वा! दादा, मजा आहे बुवा तुमची. मागे बसायचं, वारा खायचा. आम्हालाही असा ड्रायव्हर मिळाला असता तर आम्हीही जग पाहिलं असतं."

"पाहायचं काम तुम्हीच करा पंच, मला ते जमत नाही," दादा हसत म्हणाला. पण पंच गेल्यावर त्याचे पाय बादलीत हलायचे थांबले. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "अगं, खरं सांग. मी ओझं होतो का?"

"काहीतरीच काय!"

"नाही, मला शंका येते. जाताना सायकल कशी पळत होती. येताना घाट चढून पलीकडे उतरलो आणि त्यानंतर जो चढ लागला तो घरापर्यंत संपलाच नाही. दिवसचे दिवस चढ! माझी ताकद संपली असणार, आणि तू एकटी ओढत असणार."

मी हिशेबातला माणूस. चुकीची नोंद दिसली की गप्प बसवत नाही. म्हणालो, "चढ? दादा, घाटाखालून इथपर्यंत तर नदीकाठचा रस्ता आहे. गोटी ठेवली तर जागची हलायची नाही."

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मला जेवण तिथेच टाकून पळावंसं वाटलं.

"सपाट?" दादाने विचारलं. "तू तर सारखी ओरडत होतीस, चढ आहे, चढ आहे म्हणून."

वहिनीने साडी थोडी वर करून गुडघ्यावरची पट्टी सोडायला घेतली. माझ्या बायकोच्या तोंडून "अगं बाई" निघालं. गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता.

"घाटातच गेला," वहिनी म्हणाली. "पाय फिरत होता, पण जोर लावता येत नव्हता. जरासुद्धा नाही."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बसने जाऊ."

"म्हणालोच असतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

आता मला उमगलं. घाटाच्या पायथ्यापासून या बोळापर्यंत दोन माणसं, सगळं सामान आणि ती लोखंडी सायकल माझ्या भावाने एकट्याने आणली होती. तेही रस्ताच अवघड आहे असं समजून, तक्रार न करता. आणि पुढे बसलेल्या बाईने सुजलेला गुडघा गरगरा फिरू देत, हूं की चूं न करता, त्याला खड्डे आणि वळणं सांगितली होती.

दादाला मात्र आनंद झालेला दिसेना. त्याचा चेहरा उतरला होता.

"तू सांगतेस तेच माझ्यासाठी असतं," तो हळू म्हणाला. "आता मी काय धरू आणि काय सोडू? ते समुद्रावरचे पांढरे पक्षी?"

"खरे होते."

"घाटातला धबधबा?"

"तुम्ही भिजलात की त्याच्यात."

"आणि परवा मेंढरं आडवी आली म्हणून थांबलो, ती?"

वहिनी सुटलेली पट्टी बोटाभोवती गुंडाळू लागली. मग म्हणाली, "मेंढरं नव्हती. मला जरा पाय लांब करायचा होता."

"तरीच!" दादा म्हणाला. "एवढी मेंढरं, आणि एकही ओरडत कसं नाही!" त्याला हसू फुटलं ते थांबेना. वहिनी हसता हसता रडायला लागली. तो ओल्या पायांनीच उठला, चाचपडत पलंगाशी गेला आणि तिच्याजवळ खाली बसला. खुर्चीच्या जाळीचा ताण बघतो तशा बोटांनी त्याने गुडघ्याची सूज चाचपली.

"उद्या आधी डॉक्टर," तो म्हणाला. "आणि आता तो रस्ता पुन्हा सांग. खरा होता तसा."

वहिनी बसक्या आवाजात सांगू लागली. नदी, तिच्या काठची उंच झाडं, पलीकडची शेतं.

"थांब. नदी उजव्या हाताला?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"त्या बाजूने गार वारा येत होता. पुढे एका ठिकाणी बंद झाला."

"तिथे विटांची भट्टी होती. मोठी भिंत होती तिची."

"बरोबर," दादा म्हणाला. "तिथे धुराचा वास होता. पुढे?"

ताटं निवत होती. माझी बायको मला खुणावत होती, पण त्यांना थांबवायचं धाडस आमच्यापैकी कोणालाच झालं नाही.