टेकायला जागा

बसस्टॉपवरून आमची सोसायटी पाच मिनिटांवर. गुडघे गेलेल्या शेजारच्या मालतीताई मात्र तेवढ्यात चारदा टेकतात: केमिस्टची पायरी, शिंप्याचं स्टूल, देवळाचा पार आणि शेवटी आमच्या गेटबाहेरचा कट्टा.

आज त्या कट्ट्याशी उभ्याच दिसल्या. काठीवर सगळा भार, पाय लटलटत होते. कट्ट्यावर लोखंडी खिळे उभे.

"टवाळखोर बसतात म्हणून लावले म्हणे," त्या धापा टाकत म्हणाल्या.

डोकंच फिरलं माझं. धड पायांच्यांनीच सगळं ठरवायचं आणि बाकीच्यांनी काय उभ्या उभ्या मरायचं?

ओरडणार कुणावर? खिळ्यांसाठी पहिला हात मीच वर केला होता. ती सभा गच्चीवर होती. मालतीताईंना जिने चढता आले नव्हते.