खिडकीतला चोर बगळा

देवाशी मी भांडते, हे आधीच कबूल करते. रेवदंड्याजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत मी बोंबील वाळवून विकते. तीस वर्षं उन्हात ओरडून बगळे हाकलणाऱ्या बाईला हळू आवाजात प्रार्थना करायला जमत नाही. त्या दुपारी मी चर्चमध्ये शिरले ती काही मागायला नव्हे. यापुढे तुझ्याकडे काही मागणार नाही, एवढं त्याच्या तोंडावर सांगायला गेले होते.

कारण होती माझी लेक. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा अलिबागला डायलिसिस आणि उरलेले दिवस खाटेवर, असं वर्षभर चाललं होतं. माझी किडनी तिला चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी दवाखान्यातच क्रूसाची खूण केली. पण लेक अडून बसली. त्या सकाळी तर तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "न्हाय म्हंजे न्हाय, आई. तुला खाऊन जगू काय मी? त्या खिडकीतल्या बगळ्यासारखी?"

ती खिडकी आमच्या चर्चमध्ये, वेदीच्या उजव्या हाताला, उंचावर आहे. जुनी, रंगीत काचांची. तिच्यात मान वाकवून उभा असलेला पांढरा पक्षी, पायाशी तीन पिल्लं आणि सगळीकडे लाल ठिपके. दुसऱ्या खिडक्यांतलं कोकरू, मासा, होडीचा नांगर आम्हाला कळतात. हा पक्षी मात्र आम्ही बायकांनी बगळा ठरवून टाकला होता. बोंबील वाळत घातले की बगळे हजर, त्यामुळे पांढरा पक्षी म्हणजे चोर, आणि हा तर पिल्लांनाच खाणारा! देवाने त्याला आपल्या घरात का ठेवला, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. उलट लेक लहानपणी रविवारच्या प्रार्थनेत, मिस्सेत, चुळबुळ करायची तेव्हा मीच तिला त्याचा धाक घालायचे. ते भय तिच्या मनात इतकं मुरलं असेल असं वाटलं नव्हतं.

आत गेले तर खिडकी जागेवर नव्हती. वादळात चौकट खिळखिळी झाली होती, म्हणून मुंबईहून एक म्हातारे मुसलमान कारागीर आले होते. काच बाकावर आडवी ठेवून ते ओल्या फडक्याने तिच्यावरचा खारा थर पुसत होते. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून क्रूसासमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "शरीर माजं हाय, लेक माजी हाय. मी द्यायला तयार हाय, मग तिचं डोकं का फिरवतोस? झोपलास काय?"

मागून आवाज आला, "मावशी, जरा हात लावता का? एकट्याला उचलवत नाय."

रागातच मी काच धरली. म्हटलं, "फोडा तो बगळा. पोरांना खातो मेला."

ते हसले. "बगळा नाय हा. आनि खात पन नाय. नीट बघा, चोच कुठे आहे?"

मी पाहिलं. चोच पिल्लांवर नव्हती, स्वतःच्या छातीत रुतली होती. तिथलं रक्त पिल्लांच्या तोंडात पडत होतं. "पेलिकन," ते म्हणाले. "पोरं उपाशी मरायला लागली की आपलं रगत पाजतो, असं जुने लोक मानायचे. तुमच्या येशूची निशानी आहे ही."

जन्मभर ज्याला चोर म्हटलं तो माझा देवच होता. आधी लाज वाटली, मग रडू आलं, आणि मग चक्क राग आला. इतकी वर्षं वर बसून एक शब्द बोलला नाहीस!

तशीच घरी गेले, लेकीला रिक्षात घातलं आणि काचेसमोर आणून बसवलं. काय ते सांगितलं. तिने वाकून ती चोच नीट पाहिली. मग म्हणाली, "तो देतो त्याच्या मर्जीनं. पन मी घेनार न्हाय."

माझं डोकंच फिरलं. तिचं बोट धरून मी पिल्लांवर टेकवलं. "आता ह्यांच्याकडं बघ. एकानं तरी चोच मिटलीय काय?"

तिचं बोट त्या उघड्या चोचींवरून फिरत राहिलं. शेवटी म्हणाली, "दुकंल तुला."

"दुकू दे."

ऑपरेशनला आता वर्ष होत आलं. काच नेमकी लेकीने ताट सारलं त्याच दिवशी खाली उतरली होती, याला कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडून गप्प बसणं, असं समजून मी आयुष्यभर त्याच्याशी झगडले. देणं मला सोपंच होतं. घ्यायला जे वाकावं लागतं, ते माझ्या लेकीने मला दाखवलं. त्या कारागिरांचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून दर रविवारी त्यांच्यासाठी एक मेणबत्ती लावते. देवाचे आभार मानते, आणि भांडायचं असेल तेव्हा भांडतेही.

खिडकी पुन्हा वर बसली आहे. मिस्सेत कम्युनियनच्या रांगेत, येशूचं शरीर म्हणून फादर जिभेवर ठेवतात ती भाकर घ्यायला, लेक माझ्यापुढे उभी असते. फादर समोर आले की ती एकदा त्या खिडकीकडे बघते आणि तोंड उघडते.