पाकाची गोळी

गेल्या संक्रांतीला आईच्या तिळाच्या वड्या दगडासारख्या झाल्या. तिच्या बोटांना आताशा काही कळत नाही. म्हणून यंदा मी पाकाचा थर्मामीटर आणला, उकळत्या पाण्यात धरून पारखूनही घेतला.

कढईच्या काठाला अडकवलेल्या काचेत लाल रेघ सावकाश चढत होती. गुळाच्या वासात सगळं स्वयंपाकघर तरंगत होतं. इतक्या वर्षांचं कळणं बोटांतून कुठे जात असेल?

रेघ एकशेपंधरा अंशांना टेकली. "झाला गं पाक," मी म्हटलं.

आईने तरीही वाटीतल्या गार पाण्यात थेंब सोडला, त्याची गोळी वळली आणि बराच वेळ चिमटीत धरून ठेवली. मग ती माझ्या तळहातावर ठेवत म्हणाली, "तू सांग."

गोळी वडीला हवी तशी मऊ होती. आणि तिला आईच्या बोटांची ऊब होती.