मोकळा भूखंड

शाळेत वरिष्ठ लिपिक असल्यामुळे सगळ्यांच्या पगाराचे कागद माझ्याकडे असतात. दर जानेवारीत मी आयकराची विवरणं गोळा करतो, यादी करतो, कागद आला की नावापुढे खूण करतो. व्यवसाय कर महिन्याच्या महिन्याला जातो आणि आयकर हातात पडण्याआधीच कापला जातो. पगार लपवता येत नाही. जमीनही लपवता येत नाही, पण तिच्याकडे कोणी बघत नाही.

नंदुरबारच्या कडेला माझा एक प्लॉट आहे. तिथे पूर्वी मिरचीची पथारी होती, म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं उघडं मैदान. मालकाने प्लॉट पाडले, त्यातला एक मी घेतला. त्यानंतर मी तिथे एक वीटही ठेवली नाही. पुढे पक्का रस्ता झाला, पाण्याची लाईन आली, कोपऱ्यावर रिक्षा थांबायला लागल्या आणि माझ्या प्लॉटचा भाव चढत गेला. पगारासाठी मी वर्षभर राबतो. प्लॉटसाठी फक्त थांबलो.

प्लॉटच्या कोपऱ्यात पत्र्याची झोपडी होती. तळोद्याच्या वरच्या डोंगरातली एक बाई आणि तिची आंधळी आई तिथे राहायच्या. बाई शेजारच्या, तेव्हा शिल्लक असलेल्या पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जायची. मीच राहू दिलं होतं. ती बाभळी तोडून जागा साफ ठेवायची, दुसरं कोणी घुसत नव्हतं. दुपारी ती धावत येऊन आईला भाकरी-पाणी द्यायची. त्याआधी राखेने हात चोळून चोळून धुवायची. तिखटाचा हात म्हातारीच्या तोंडाला लागायला नको.

शाळेत मधल्या सुट्टीत मी शिक्षकांना माझं म्हणणं ऐकवायचो. कर कामावर कशाला? नुसत्या जागेच्या किमतीवर लावा, वर बांधलेल्या घरावरही नको. ती किंमत मालक तयार करत नाही, गाव करतं. मग गावाने ती परत घ्यावी आणि मजुरी-पगार सोडून द्यावेत.

खेळाचे शिक्षक तापीकाठच्या शेतकरी घरातले. शेंगा सोलत म्हणाले, "भाऊ, पहिले तुन्हा प्लॉटवर लाव. मंग आमले शिकाड."

"लागू दे. भरीन."

"भरशी का इकशी?"

"विकीन. जो घर बांधेल त्याला. जागा अडवून बसणं परवडूच नये, यासाठीच तर कर."

"आन् ती पथारी? तिनी जागा बी महाग शे. तुन्हा कर उना का पहिले तीच मरी."

रविवारी मी आमच्या प्लॉटांच्या कॉलनीतून फिरलो आणि यादी केली. निम्म्याहून जास्त प्लॉट रिकामे. ते भरले असते तर शहराला पुढची पथारी मोडायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी खेळाच्या शिक्षकांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "यादी बरोबर शे. तुन्हं नाव बी शे ना तिच्यात?" होतं.

त्याच महिन्यात मालमत्ता करासाठी प्लॉटची नोंद करायला नगरपालिकेचा एक कर्मचारी फॉर्म घेऊन आला. मी हद्दीचे दगड तपासायला गेलो होतो.

"भूखंडाचा वापर काय लिहू?"

झोपडी कागदावर आली की राहणारे जागेवर ताबा सांगतात, असं बाकीचे प्लॉटवाले मला बजावत होते. मी म्हणालो, "मोकळा."

बाई आईला पाणी पाजून नुकतीच उठली होती. "मोकळा कसा, दादा? आम्ही शेतस ना आठे."

कर्मचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि 'मोकळा' लिहिलं.

"ते नुसतं कागदावर असतं," मी तिला सांगितलं. नोकरीतली इतकी वर्षं कागदांत काढलेल्या माणसाने हे म्हणायला नको होतं.

पुढच्या हंगामाआधी शेजारच्या पथारीचेही प्लॉट पडले. पथारी शहराबाहेर लांब गेली. कॉलनीवाले माझ्याकडे आले: झोपडी काढा, भाव पडतो. मी यादी केली. झोपडी, तारेचं कुंपण, पाटी. बाईला महिन्याची मुदत दिली.

ती म्हणाली, "पथारी आते दूर गई. मी तठे खुडसू, तं मायले दुपारले पानी कोन देई?"

"तिथेच, पथारीजवळ झोपडी टाक."

"तो मालक नही म्हनस. त्याले बी जागा मोकळीच ठेवनी शे."

महिना संपला त्या दिवशी तिने स्वतःच पत्रे उतरवले. म्हातारी हद्दीच्या दगडावर बसून होती आणि प्रत्येक पत्र्याच्या आवाजाला मान फिरवत होती. दुसऱ्या दिवशी तारवाला आला. यादीतल्या तिन्ही ओळींवर आठवड्यात खूण झाली. खाली मी आणखी एक ओळ लिहिली: बाईची चौकशी.

ती ओळ बरेच दिवस तशीच राहिली. विसरवाडीला एका कामासाठी निघालो होतो, तेव्हा वाटेत नव्या पथारीवर उतरलो. देठ खुडणाऱ्या बायकांपैकी एकीला ती माहीत होती. आईला तिने डोंगरात भावाकडे ठेवलं होतं. म्हातारी दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नव्हती. होळी बघायला म्हातारी उरली नाही. बाई आता गुजरातकडे ऊस तोडायला जाते.

प्लॉट मी अजून विकलेला नाही. भाव आणखी चढेल, असं सगळेच म्हणतात. कर लागू झाला असता तर विकला असता, हेही खरं आहे. पण तो लागू झालेला नाही आणि आपणहून विकण्यापासून मला कोणी अडवलं नव्हतं.

यंदाच्या जानेवारीत पुन्हा तोच फॉर्म आला. वापर: मोकळा. या वेळी ते लिहिताना बाजूला कोणी उभं नव्हतं. प्लॉटचा कर नेहमीसारखाच किरकोळ निघाला. पगारातला माझा कर तोवर कापून झाला होता.