रजेचे दिवस

मैत्रिणींनो, आज सकाळी पुतणीसोबत भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी बीज सुटतं. तो दिवस आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवस नवराबायको सोबत असायला पाहिजेत."

पुतणी ऐकत होती. मी मात्र ऐंशी सालच्या आसपासच्या आमच्या करडी गावात जाऊन पोचले.

तेव्हा हे नागपूरला नोकरीला होते. पाळीत मला बाहेर बसावं लागे आणि सासूबाईंना दिसत नव्हतं. म्हणून हे दर महिन्याची रजा नेमकी त्याच दिवसांत घ्यायचे. विहिरीचं पाणी आणायचे, भात शिजवायचे, माझं ताट दाराशी आणून ठेवायचे. गाव हसायचं. हे म्हणायचे, "हासू दे ना, तू कायले मनावर घेते?" मी न्हायले की हे परत नागपूरला, थेट पुढच्या पाळीपर्यंत.

मूल झालं नाही. वांझ म्हणून ऐकून घेतलं, नवस केले. दुसरंही काही कारण असेल, कोणी तपासलंच नाही. पण ज्या दिवसांत सोबत असायला हवं होतं, त्या दिवसांत आम्ही एका घरात नसायचोच, हे मला आज कळलं.

घरी आले तर यांनी चहा करून ठेवला होता.

"काय म्हणे डॉक्टरीण?"

"पोरगी बरी हाये," एवढंच बोलले.

यांची मायाच आड आली, हे आता या वयात यांना सांगू का? तुम्ही सांगितलं असतं?