सावलीत बसायचं औषध

हाडांच्या डॉक्टरकडे दोन गोष्टी साठत जातात. एक, न्यायला कुणी न आलेली एक्स-रेची पाकिटं. दुसरे, किस्से. पाकिटं दर दिवाळीला शिपाई उचलून अडगळीत टाकतो. किस्से कुठं टाकायचे? घरी बायकोला ते माझ्यापेक्षा जास्त पाठ झालेत. म्हणून ओपीडी उरकली की समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना ऐकवतो. तेही बिचारे ऐकतात. हजेरी माझ्या हातात असते ना!

बुलढाण्यात हाडं बघण्यात आणि हाडं शिकवण्यात वीसेक वर्षं गेली. रोज तेच गुडघे, त्याच कंबरा, तेच खांदे. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू? पण मधूनच कुणीतरी असं काही बोलून जातं की तेवढ्यावर आठवडा निघतो.

*

एक विद्यार्थी नुकताच व्हिटॅमिन डी वाचून आला होता. त्या दिवशी त्याला सगळीकडे व्हिटॅमिन डीच दिसत होतं. समोर धाड गावाकडची एक काकू. अंग दुखतं, पिंढऱ्या वळतात, जिना चढवत नाही. ती पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर चढवून, डोक्याला रुमाल गुंडाळून, थेट शेतातूनच आली होती.

पोरानं मोठ्या उत्साहानं समजावलं, "काकू, हाडांसाठी ऊन फार महत्त्वाचं. रोज थोडा वेळ उन्हात बसत जा."

काकूनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "बाप्पा! मी उन्हातूनच त येऊन राह्यली. सावलीत बसाचं काही औषध असन त लिहून द्या!"

तिची तपासणी खरंच करावी लागली आणि व्हिटॅमिन डी खरंच कमी निघालं. अंग झाकून राबणाऱ्याला ऊन मिळतं, पण ते कातडीपर्यंत पोचत नाही. गोळ्या लिहून दिल्या. सावलीचं औषध अजून आलेलं नाही.

*

रामभाऊ नावाचे शेतकरी. हात मोडला म्हणून प्लास्टर घातलं. सहा आठवडे भिजवायचं नाही, काढायचं नाही, हे मी सांगितलं, नर्सनं सांगितलं, विद्यार्थ्यांनी सांगितलं. रामभाऊ प्रत्येकाला "हाव, हाव" म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात हजर. हात मोकळा! दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"रामभाऊ, प्लास्टर कुठंय?"

"सोयाबीन सोंगाले आलं न साहेब. थांबते का ते?" पिशवीतून त्यांनी प्लास्टर काढून टेबलावर ठेवलं. विळ्यानं दोन्ही बाजूंनी नीट चिरलेलं, वरून सुतळी बांधलेली. "पाहून घ्या, कुठंच फुटलं नाई. माह्या मापाचा कोनी आला त त्याले घालजा!"

मी चिडलो, ओरडलो, पुन्हा प्लास्टर घातलं. शेवटी हाड जुळलं, जरासं वाकडं. सोयाबीन मात्र सरळ घरी आलं.

*

एका गावात हाडं बसवणारे एक बाबा आहेत. तेल चोळायचं, ओढायचं, बांबूच्या कामट्या बांधायच्या. त्यांनी वाकडी बसवलेली हाडं मी वर्षानुवर्षं सरळ करत आलोय. आमची भेट कधी झाली नव्हती, पण मी त्यांना एक्स-रेवरून ओळखत होतो!

एका सकाळी लायनीत सगळ्यात मागे एक म्हातारा, तोंडावर दुपट्टा ओढून बसलेला. नंबर आल्यावर आत येऊन आधी त्यांनी दार लावलं, मग दुपट्टा काढून नाव सांगितलं. तेच बाबा! उजवं मनगट काट्याच्या चमच्यासारखं वाकलेलं. अंगणात घसरून पडले होते. बाहेरच्या लायनीत अर्धे लोक त्यांचेच जुने पेशंट, म्हणून दुपट्टा!

मनगट बधिर करून मी हाड ओढायला लागलो. बाबा डोळे मिटून म्हणतात, "अजून ओढा. भेऊ नका. हां… आता खाली दाबा." विद्यार्थी माझ्याकडे बघताहेत, मी बाबांकडे. एक्स-रे काढला. असं सुंदर बसलेलं मनगट मी त्या वर्षात बघितलं नव्हतं.

प्लास्टर घालून झाल्यावर मला राहवलं नाही. "बाबा, खरं सांगा. माझ्याकडे काऊन आले? स्वतःच्या हातावर भरोसा नाही?"

"हाये न साहेब, माह्या हातावरच भरोसा हाये," बाबा म्हणाले. "पन मोडला बी तोच ना!"

*

हा छोटासाच. त्या दिवशी माझी कंबर धरली होती. खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घेतला आणि तोंडातून "आई गं" निघालं. समोर कंबरदुखीचेच एक आजोबा.

"साहेब, तुमी कोनाले दाखवता?"

"कोणालाच नाही, आजोबा. वेळच नसतो."

आजोबांनी माझ्या चिठ्ठीची घडी केली, खिशात ठेवली आणि उठता उठता म्हणाले, "मंग मले काऊन बोलावता दर पंधरा दिसानं?"

*

नांदुऱ्याकडून एक तरुण आई यायची. पहिलीच मुलगी आणि दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले. सासू म्हणत होती, देवानं दिलं तसं राहू द्या. आई ऐकत नव्हती. दर आठवड्याला एसटीनं यायची. आम्ही पाय थोडा सरळ करून प्लास्टर घालायचो, पुढच्या आठवड्यात ते काढून आणखी थोडा सरळ करायचो. पोर दर वेळी घशाच्या शिरा ताणून रडायची. आई पण रडायची, पण पाय घट्ट धरून ठेवायची.

मग खास बूट दिले. ते घालायचा कंटाळा करून निम्मे लोक सोडून देतात आणि पाय पुन्हा आत वळतात. ही बाईसुद्धा यायची बंद झाली. मी मनात म्हटलं, संपलं. आणखी एक गेलं.

दोन वर्षांनी बाई दारात उभी! एसटी बंद होत्या, मग माहेरी गेली, तिकडंच दुसऱ्या डॉक्टरला दाखवत होती. बूट एक दिवस सोडले नव्हते. कडेवरची पोर तिनं खाली उतरवली. पोरीनं आत बघितलं. मला बघितलं. प्लास्टरच्या पट्ट्यांची बादली बघितली. आणि जी किंचाळत सुटली! व्हरांड्यातून, बाकांच्या मधून, केस पेपरच्या खिडकीपाशी वळून थेट गेटपर्यंत. मागं आई, मागं वॉचमन.

मी दारात उभा राहून बघत होतो. टाच टेकत होती. दोन्ही पाय सरळ पडत होते.

शेजारच्या विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, तिला परत आणू का? पाय तपासायचे ना?"

मी म्हटलं, "तपासले की!"

*

वैष्णवी आमच्या कॉलेजची विद्यार्थिनी, धाडच्या वाटेवरच्या एका खेड्यातली. पहिल्या वर्षी सुट्टीत अभ्यासासाठी हाडांची पेटी घरी घेऊन गेली. खरी हाडं, पुढच्या वर्गातल्या मावसबहिणीनं दिलेली. वडील उंबऱ्यातच आडवे झाले, "हे घरात नाई येनार." पेटी गोठ्यात गेली. वैष्णवीही गोठ्यात बसून अभ्यास करू लागली.

आई गाईला पाणी पाजायला आली तेव्हा पोरगी कमरेच्या हाडाच्या खाचेत अंगठा घालून बघत होती.

"काय पाह्यतं व त्याच्यात?"

"आई, ही खाच रुंद आहे का अरुंद, त्यावरून कळतं बाईचं हाड आहे का माणसाचं."

"मंग? कोनाचं हाये?"

"बाईचं."

आईनं बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "बाईमानूस हाये, अन् तुनं तिले गोठ्यात ठेवलं?"

पेटी तिनं स्वतः उचलली, घरात नेली, धान्याच्या कोठीशेजारी ठेवली आणि वरून आपलं धुतलेलं लुगडं टाकलं. या खेपेला वडील आडवे आले नाहीत. "कोनाची असन व ही?" आईनं विचारलं. वैष्णवी म्हणाली, "कोणालाच माहीत नसतं, आई." त्यानंतर पोरगी घरी आली की आईचा पहिला प्रश्न, "तिले आनलं का?"

वर्ष संपलं. पेटी ज्युनिअरला द्यायची वेळ आली.

"आता कुठं चालली ते?" आईनं विचारलं.

"पुण्याची एक मुलगी आहे, तिच्याकडे."

"थांब," आई म्हणाली. "पेटी मी बांधून देतो."

पुढच्या आठवड्यात ती पुण्याची मुलगी पेटी घेऊन माझ्या खोलीत आली. झाकण उघडून टेबलावर ठेवली. हाडं हिरव्या खणात गुंडाळलेली. मधे खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी आणि सगळीकडे पसरलेले ओंजळभर तांदूळ.

"सर, हे दमट हवा लागू नये म्हणून ठेवतात का?"

मी खणाचं सुटलेलं टोक परत आत खोचलं.

"हो," म्हटलं. "काढू नकोस."