बरी दिसतेस

संधिवातासाठी स्टेरॉइड चालू होतं तेव्हा माझा चेहरा सुजून गोल झाला होता, पण बोटं नीट मिटत होती. लोक मात्र हळहळायचे. आता डॉक्टर गोळी हळूहळू कमी करताहेत. चेहरा पूर्वीसारखा झालाय आणि सकाळी मला स्वतःची वेणी घालता येत नाही.

काल हळदीकुंकवाला शेजारच्या काकू माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "आता कशी छान दिसतेस. बरी झालीस बाई एकदाची."

लोकांची दया चेहऱ्यापाशीच संपते. बोटांपर्यंत कोणी येत नाही.

काकूंनी वाण म्हणून स्टीलचा डबा पुढे केला. एका हातात तो पेलला नसता, म्हणून मी दोन्ही हात पुढे केले.

काकू सुनेकडे वळून म्हणाल्या, "बघ, वाण असं घ्यावं."